जाऊबाईंच्या नावावरची वर्षं

सात वर्षं मी थोरल्या जाऊबाईंच्या नावानं नोकरी केली. हजेरी त्यांच्या नावानं लागायची, हाक त्यांच्या नावानं यायची आणि पगाराच्या कागदावर त्यांच्या नावासमोर अंगठा उठायचा तो माझा. आता हे सांगितलं की मुलं हसतात. त्या वेळी आमच्या घरात कुणालाच त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. एक जागा होती, ती घरात ठेवायची होती, एवढंच.

आम्ही कसबा बावड्यात राहायचो. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. थोरले दीर दुसऱ्याच्या उसात कामाला जायचे, माझे मालक सेंट्रिंगच्या कामावर. जाऊबाई माझ्या लग्नाआधीपासून शिरोलीच्या बाजूला एका फौंड्रीत होत्या. सकाळी बावड्यातनं बायकांचा घोळका निघायचा आणि शिये पुलावरून चालत पलीकडं जायचा. त्यात त्या असायच्या.

त्यांचं काम कोर करायचं. पंपाचा किंवा इंजिनाचा भाग ओतताना त्यात जिथं पोकळी हवी असते तिथं वाळूचा एक आकार ठेवावा लागतो, त्याला कोर म्हणतात. वाळूत तेल आणि साखर कारखान्यातली मळी कालवायची, लाकडी साच्यात ठासायची, अलगद सोडवायची आणि भाजायला द्यायची. सोडवताना कोपरा तुटला तर सगळं पहिल्यापासून. बायकांचा हात हलका असतो म्हणून हे काम बायकांकडं, असं साहेब लोक सांगायचे.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात जाऊबाईंना दम लागायला लागला. पूल चढेपर्यंत त्या दोनदा बसायच्या. डॉक्टरांनी धुळीचं काम सोडायला सांगितलं. घरात बोलणं झालं ते असं की त्यांनी घर आणि पोरं सांभाळायची आणि त्यांच्या जागी मी जायचं. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन कोर शॉपच्या मुकादमाकडं गेल्या. मुकादम म्हातारा होता, कोडोलीकडचा. त्यानं माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाला, "नाव तेच ऱ्हाऊ दे. बाई कुठली का आसंना, कोर तुटाय न्हाई पायजे."

नवीन माणूस घ्यायचा तर वर विचारावं लागलं असतं, आणि वर विचारलं तर दुसऱ्याच कुणाची तरी बहीण किंवा सून आली असती. म्हणून हे असं ठरलं. त्या काळी कार्डावर फोटो नव्हता. पुढं दोन वर्षांनी मुकादम काम सोडून गावी गेला आणि नवा सुपरवायझर आला. त्याच्या लेखी मी म्हणजेच जाऊबाई.

नावाची सवय लवकर झाली. अंगठ्याची झाली नाही. जाऊबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, मी दहावी पास होते. माझे वडील नेसरीला शाळेत शिपाई होते. छप्पन्न साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते, आणि त्यानंतर लगेच त्यांनी काय केलं असेल तर सही शिकून घेतली. आमच्या घरात अंगठा उठवणारा माणूस राहायला नको, हे ते आम्हा भावंडांना जेवताना, अभ्यासाला बसवताना, कधीही सांगायचे. मला दहावीपर्यंत त्यांनी शिकवलं ते भावकीतल्या चार जणांशी वाकडं घेऊन. आणि मी दर महिन्याला जांभळ्या शाईत अंगठा बुडवत होते. सही केली असती तर दुसऱ्याच दिवशी विचारणा झाली असती की ही बाई लिहायला कधी शिकली.

वाचता येतं हेही लपवावं लागायचं. नोटीस बोर्डापुढं बायका गोळा व्हायच्या, मला कळलेलं असायचं, पण कुणी पुरुष येऊन वाचून दाखवीपर्यंत मी गप्प उभी राहायचे. एकदा बोनसची नोटीस होती आणि मी वाचता वाचता हसले. शेजारची बाई माझ्याकडं बघत राहिली. ती काही बोलली नाही. बावड्यातल्या दोघी-तिघींना सगळं माहीत होतंच, त्याही कधी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी घरी गेले की जाऊबाई चहा करून द्यायच्या आणि विचारायच्या, "आज काय म्हणालं मला?"

पहिल्या वेळी मला कळलंच नाही. मग ध्यानात आलं. सुपरवायझर कुणाला बोलला, कुणाचं काम चांगलं म्हणाला, हे सगळं त्यांच्या नावावर होत होतं. मी सांगायचे की आज तुमचे शंभरातले चारच कोर तुटले, किंवा उशीर झाला म्हणून तुम्हाला बोलणी बसली. त्या मन लावून ऐकायच्या. बोलणी बसली म्हटलं की त्यांना रागही यायचा. "रस्त्याला पाणी आल्यावर काय उडत येऊ व्हय?" असं त्या चुलीकडं बघत म्हणायच्या.

अशी वर्षं गेली. मला दोन मुलं झाली, त्यांना तीन होतीच. माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळी कागदावर जाऊबाई आजारी होत्या.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर बोर्डावर नवीन नोटीस लागली. मी ती नेहमीप्रमाणं मनातल्या मनात वाचली. सरकारनं कामगारांसाठी पेन्शन योजना आणली होती. आधी फक्त फंड कापला जायचा, तो नोकरी सुटल्यावर मिळायचा. आता म्हातारपणी दर महिन्याला पेन्शन मिळणार होती, आणि प्रत्येकानं नवा फॉर्म भरायचा होता.

पेन्शन हा शब्द आम्हाला मास्तर आणि तलाठ्यांचा वाटायचा. हजेरी-पगार बघणाऱ्या टाइम ऑफिसात एक क्लार्क होते, निपाणीकडचे, वयस्कर, सगळ्या बायकांना अक्का म्हणायचे. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. दहा वर्षं भरली पाहिजेत, वयाची अठ्ठावन्न झाली की पेन्शन सुरू. कामगार मधेच गेला तर बायकोला मिळणार, बाई गेली तर नवऱ्याला, आणि मुलं पंचवीस वर्षांची होईपर्यंत मुलांना. म्हणून घरातल्यांची नावं आणि वयं बरोबर लिहायची. त्यांनी ते दोनदा सांगितलं. चुकीचं नाव लिहिलं तर तुमच्या माघारी तुमची माणसं हेलपाटे घालत बसतील, असंही म्हणाले.

मी तोपर्यंत असा विचार कधी केला नव्हता. महिन्याचा पगार हातात येत होता, तो माझाच होता. नाव कुणाचं का असेना. पण क्लार्क बोलत होते ते पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं आणि मी नसतानाचं. त्यात माझी दोन मुलं कुठंच बसत नव्हती.

फॉर्म भरायला एकेकीला टाइम ऑफिसात बोलवायला लागले. माझी पाळी जानेवारीत आली. क्लार्कांनी जाऊबाईंचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "मालकांचं नाव सांगा अक्का."

सांगायचं होतं ते थोरल्या दिरांचं नाव. घरात मी त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. मी तो आणखी पुढं ओढला. क्लार्कांना वाटलं, मी लाजते. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यांना अशा रोज दहा भेटत असणार. ते समजुतीनं म्हणाले, "उखाण्यात घ्या पाहिजे तर. न्हाईतर लिहून द्या. आ, लिहायला येत न्हाई तुम्हाला. बरं, शेजारच्या बाईला सांगा, त्या मला सांगतील."

मागं रांगेतल्या बायका हसल्या. मी म्हटलं, उद्या सांगते. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला.

घरी येताना मी घोळक्याच्या मागं राहिले. पुलावर पोचेपर्यंत माझं ठरलं होतं असं म्हणता येणार नाही. एवढंच वाटत होतं की उद्या मला ते नाव सांगता येणार नाही आणि परवाही येणार नाही.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, चाललंय ते चालू दे, सात वर्षांत कुणी विचारलं नाही, आता तूच कशाला जाऊन सांगतेस. नोकरी गेली तर काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता. मी त्यांना उलट विचारलं की मी गेले तर पेन्शन कुणाला मिळणार, भावाला? ते मग म्हणाले, "वैनीला इचार. नाव तिचं हाय."

जाऊबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. योजना काय आहे, फॉर्म काय आहे, मला माझ्या नावानं लागायचंय, आणि त्यासाठी त्यांचं नाव कमी करावं लागेल. मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील. सात वर्षांत आमच्यात मोठं भांडण झालं नव्हतं.

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मग मी कुठं ऱ्हायलो गं?"

मी म्हटलं, म्हणजे काय बाई, तुम्ही घरातच आहात की.

"घरात तर कुत्रंबी हाय," त्या म्हणाल्या. "तिथं माझं नाव हाय. रोज सकाळी घेत्यात. ते बी काढाय लागलीस."

त्या रात्री जेवल्या नाहीत. पुढं चार-पाच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा करून द्यायच्या, पण आज काय झालं ते विचारायच्या नाहीत. मला राग आला होता. काम मी करायचं, धूळ मी खायची, आणि यांना नाव पाहिजे. तो राग बरेच दिवस टिकला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. दम्यानं त्यांचं जाणं-येणं तुटलं होतं. देवळात नाही, विहारात नाही, बाजारात नाही. जिथं त्यांची कुणी रोज दखल घेत होतं अशी ती एकच जागा राहिली होती, आणि तिथं त्या स्वतः जात नव्हत्या.

जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला लागणार होता. रविवारी मी नेसरीला गेले. दाखला कशाला हवा, असं वडिलांनी विचारलं. मी खोटं सांगू शकले असते. वाटेत एसटीत तसं ठरवलंही होतं. पण त्यांच्यासमोर बसल्यावर सगळंच सांगितलं, अंगठ्यासकट.

ते ओट्यावर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "सात वर्षं?"

"व्हय."

"दर महिन्याला?"

"व्हय."

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. थोड्या वेळानं शर्ट घालून आले आणि म्हणाले, चल. रविवार असूनही त्यांनी हेडमास्तरांच्या घरी जाऊन शाळा उघडायला लावली, स्वतः जुनी रजिस्टरं काढली आणि माझं नाव शोधून दिलं. मग एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, सही नीट कर, पुरं नाव लिही. मी मान हलवली.

सोमवारी सुट्टीत टाइम ऑफिसात गेले आणि क्लार्कांना दाखला दिला. त्यांनी तो वाचला, मग माझ्याकडं बघितलं, मग परत वाचला. मी सांगितलं की ही मी. फॉर्मवर जे नाव लिहिलंय ती माझी जाऊ.

त्यांनी उठून दार लोटलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे. मी म्हटलं, जुन्या मुकादमाला होतं. बायकांची नावं मी घेतली नाहीत. ते म्हणाले, मला हे वर सांगावंच लागणार. मी म्हटलं, सांगा.

"जुनी वर्षं मिळायची न्हाईत अक्का. ती त्या बाईंच्या नावावर गेली."

"काम मी केलंय."

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण मी ते कुठं लिहू?"

खरंच फॉर्मवर तशी जागा नव्हती.

मॅनेजरसाहेबांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं. पोलिसात द्यायची भाषाही झाली, असं नंतर कळलं. मी दीड महिना घरी होते. त्या दीड महिन्यात घरात कसं होतं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. मालक मला काही बोलले नाहीत, पण न बोलण्याचेही प्रकार असतात. जाऊबाईंशी बोलणं मात्र परत सुरू झालं, कारण दिवसभर आम्ही दोघीच घरात.

मार्चमध्ये क्लार्कांचा निरोप आला. बाहेरगावच्या एका मोठ्या ऑर्डरचे कोर नव्या मुलींच्या हातात टिकत नव्हते. सुपरवायझरनं वर सांगितलं होतं की ती बाई परत आणा, नाव काही का असेना. मॅनेजरसाहेबांनी तोडगा काढला. जुन्या नावानं राजीनामा यायचा, त्यावर खऱ्या बाईचा अंगठा हवा. मग मला नवीन कामगार म्हणून घेणार, पहिल्यापासून.

म्हणजे जाऊबाईंना कारखान्यात यावं लागणार होतं. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्यांनी विचारलं, कधी जायचं. सकाळी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. रिक्षा केली, कारण पुलावरून चालणं त्यांच्यानं झालं नसतं. गेटवर वॉचमननं नाव विचारलं तेव्हा मी बोलायच्या आत त्यांनी मोठ्यानं सांगितलं. वॉचमननं माझ्याकडं बघितलं. रोज त्या नावानं आत जाणारी बाई मी होते.

ऑफिसात मॅनेजरसाहेब, सुपरवायझर आणि क्लार्क होते. आम्ही दोघी टेबलासमोर उभ्या राहिलो. सुपरवायझर एकदा जाऊबाईंकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. चार-पाच वर्षं तो ज्या नावानं मला ओरडत होता त्या नावाची बाई त्यानं पहिल्यांदा पाहिली. जाऊबाईंनी त्याला विचारलं, "तुमीच काय ते? लई बोलता म्हणं मला."

त्यानं नुसती मान खाली घातली. क्लार्कांना हसू आवरत नव्हतं.

त्यांनी राजीनामा वाचून दाखवला. घरगुती अडचणीमुळं काम सोडते, असं लिहिलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, घरगुती नव्हं, दम लागतोय म्हणून. क्लार्क म्हणाले, तेवढं चालतंय. त्या म्हणाल्या, मला न्हाई चालत. मग क्लार्कांनी तो शब्द खोडून प्रकृतीच्या कारणामुळं असं लिहिलं आणि परत वाचून दाखवलं. त्यानंतर त्यांनी अंगठा दिला.

बाहेर पडल्यावर त्यांनी मला कोर शॉपमध्ये न्यायला सांगितलं. परवानगी नव्हती, पण क्लार्क दुसरीकडं बघत राहिले. जुन्या बायका कामावरून उठल्या. कुणी त्यांचा हात धरला, कुणी बसायला डबा दिला. त्या दहा मिनिटं बसल्या. समोरच्या फळीवरचा एक कच्चा कोर उचलून त्यांनी कड बघितली आणि ठेवून दिला. धुळीनं खोकला यायला लागला तशा उठल्या.

त्यांच्या नावावरचा फंड पुढं त्यांच्याच नावानं आला आणि त्यासाठी बँकेत खातं काढावं लागलं. त्यातला माझ्या वर्षांचा हिस्सा त्यांनी न सांगता माझ्या हातात ठेवला.

मी एक एप्रिलला नव्यानं लागले. क्लार्कांनी पेन्शनचा फॉर्म माझ्यापुढं सरकवला आणि पेन दिलं. माझं नाव, मालकांचं नाव, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख, मुलाचं आणि मुलीचं नाव आणि वय. सगळं मी स्वतः लिहिलं. क्लार्क म्हणाले, अक्षर चांगलं आहे, आता बाकीच्या बायकांचे फॉर्म पण तुम्हीच भरा, माझं काम हलकं होईल. आणि खरंच आठवडाभर सुट्टीत मी तेच केलं. तेव्हा कळलं की आमच्यात आपलं वय माहीत असलेल्या बायका फार थोड्या होत्या. एक म्हणाली, मोठा भूकंप झाला तेव्हा माझा थोरला पोटात होता, त्यावरनं बघा. एकीनं नवऱ्याचं नाव घालू नका म्हणून सांगितलं, तो दुसरीबरोबर राहत होता. पण कागदावर तो नवरा होता, घालावंच लागणार होतं. ती उठून गेली, दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, घाला.

नव्या नावाची सवय व्हायला मात्र वेळ लागला. तिसऱ्याच दिवशी सकाळी हजेरी घेताना सुपरवायझरनं माझं नाव दोनदा घेतलं. मी वाळू चाळत होते. ते नाव कारखान्यात कुणाचं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. बायका पुढं वर्षभर मला जुन्याच नावानं हाक मारत होत्या. मी ओ द्यायचे.

त्यानंतरची वर्षं साधी गेली. कार्डावर फोटो आले, हजेरीला यंत्र आलं. क्लार्क निवृत्त होऊन निपाणीला गेले. वडील अठ्ठ्याण्णवला वारले.

जाऊबाई दोन हजार तीनच्या पावसाळ्यात गेल्या. शेवटी शेवटी त्यांना बसूनच झोपावं लागायचं. बातमी कारखान्यात पोचली ती नावानं पोचली. भट्टीवरचे तीन जुने कामगार दुपारी आमच्या दारात आले. ते दुसऱ्या पाळीचे होते, त्यांना नंतरचं काही माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी त्या नावाची बाई म्हणजे मी. मी दारातच लोकांना पाणी देत होते. ते उंबऱ्याशी थांबले. त्यातला एक जण घाबरल्यासारखा माझ्याकडं बघून म्हणाला, "पावणं म्हणालं, तुमीच गेला."

मी त्यांना सांगितलं की मी नाही, जाऊबाई. ते आत जाऊन बसले. मला त्या दिवशी रडू आलं नव्हतं, तेव्हा आलं. पाण्याचा तांब्या ठेवून मी मागच्या बाजूला गेले.

दोन हजार आठच्या शेवटी काम कमी झालं. वाहनांच्या ऑर्डरी थांबल्या, फौंड्र्या आठवड्यातनं तीन दिवस चालायला लागल्या. आमच्याकडं कोर करायचं यंत्र आधीच आलं होतं. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात कोर शॉपमधल्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं. माझी तेरा वर्षं भरली होती. दहाची अट पुरी झाली होती, म्हणून माझी पेन्शन पक्की झाली. माझ्यानंतर लागलेल्या चौघींची दहा भरली नाहीत. एकीचे तर पाचच महिने कमी पडले. मी नावाचं सांगायला आणखी चार वर्षं लावली असती तर त्यांच्यातच असते.

फंडाच्या ऑफिसात मी स्वतः जाऊन पेन्शनच्या सर्टिफिकेटचा फॉर्म भरला. खिडकीमागं एक तरुण मुलगी होती. तिनं फॉर्म तपासला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. याआधीची नोकरी, असेल तर वर्षं. तो मी रिकामा सोडला होता.

"आधी कुठं काम केलं नव्हतं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "न्हाई."

तिनं तिथं आडवी रेघ मारली आणि शिक्का दिला. दोन महिन्यांनी सर्टिफिकेट पोस्टानं आलं. त्यावर माझं नाव, मालकांचं नाव, दोन्ही मुलांची नावं बरोबर होती. अठ्ठावन्न व्हायला मला अजून अठरा वर्षं होती. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा मी बावड्यातच एका शाळेत पोषण आहाराच्या स्वयंपाकाला लागले. तिथं फंड कापला जात नव्हता.